आधी शिक्षकाने पाहावे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरव समारंभानंतर दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आमचे सारे आयुष्य शिक्षकी पेशात गेले असल्यामुळे शाळेविषयी बोलणेच आम्हांस शोभेल असे वाटले. त्यातही आम्ही मुद्दाम असा विषय निवडला आहे की, ज्याच्याकडे शाळा, पालक आणि विद्यार्थी हे तिघेही सहज गुण मिळवून देणारा विषय एवढ्याच दृष्टीने पाहतात. तो विषय म्हणजे पर्यावरणाचे शिक्षण. लहान वर्गांत यालाच परिसर अभ्यास म्हणतात. नाव किती चांगले आहे पाहा! परि म्हणजे सभोवार. जे सभोवार आहे त्याचा अभ्यास. परंतु हा अभ्यास आज चालतो तो चार भिंतींच्या आत, खिडक्या लावून घेऊन.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचन आपणांस तपासून घेता येईल. हा विषय पुस्तकातून थेट मुलांकडे जात नाही. तो निसर्गाकडून शिक्षकाकडे जातो आणि शिक्षकाकडून मुलांकडे येतो. शिक्षकाने स्वतः काही पाहिले असेल, त्या पाहण्याने त्याचे मन हलले असेल, तरच मुलांचे डोळे उघडतात. हा मधला दुवा तुटला की उरते ती केवळ घोकंपट्टी.

या घोकंपट्टीचा एक नमुना सांगतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता, असे कोणत्याही हुशार मुलास विचारा. तो तत्काळ सांगेल, हरियाल. मग त्यास विचारा, बाळ, तू हरियाल पाहिलास काय? तो गप्प होईल. वास्तविक हरियाल पाहण्यास मेळघाटात जावयास नको. आपल्या नागपुरात वड, पिंपळ, उंबर फळास आले म्हणजे सकाळच्या उन्हात हरियालांचे थवे त्यांवर उतरतात. रंग पानांसारखा हिरवट-पिवळा, त्यामुळे प्रथम काहीच दिसत नाही. स्वस्थ उभे राहिले की एक फांदी हलते, मग दुसरी, आणि हळूहळू ध्यानात येते की झाड पक्ष्यांनी भरून गेले आहे. पाच मिनिटे स्वस्थ उभे राहणे एवढीच या पाठाची फी आहे. पण ती आधी शिक्षकाने भरली पाहिजे.

या शिक्षणाची निकड आज जगाने मान्य केली आहे. १९७२ साली स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणाविषयीची परिषद भरली. तिच्या स्मरणार्थ ५ जून हा दिवस जगभर पाळला जातो. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणक्रमात पर्यावरणाचा अंतर्भाव सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. आपल्या नागपूरचे भाग्य तर असे की, १९५८ साली सार्वजनिक आरोग्य-अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी जी केंद्रीय संस्था येथे स्थापन झाली, तिलाच १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले. सारे जण तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतात. अशा शहरातील मुलांना पर्यावरण हा शब्द लिहिता येतो, त्याचे चार प्रकारचे प्रदूषण तोंडपाठ असते, पण शाळेच्या फाटकाशी उभे असलेले झाड कोणते हे ठाऊक नसते. न्यायालयाने विषय दिला, शासनाने पुस्तक दिले. डोळे देणे हे मात्र न्यायालयाच्या किंवा शासनाच्या हातचे नाही. ते काम शिक्षकाचे आहे.

शिक्षकाने निसर्गापासून स्फूर्ती घ्यावी, ही कल्पना कोणास नवी किंवा परकी वाटेल. म्हणून या आपल्याच भूमीतील काही उदाहरणे आपणांपुढे ठेवतो.

पहिले उदाहरण पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे आहे. नागपुरात भोसल्यांचे राज्य असताना, १८४५ साली, स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री येथे आले आणि पुढील वर्षी त्यांनी शाळा काढली. ते धर्मप्रसारासाठी आले होते हे सर्वश्रुत आहे. तो आजचा आपला विषय नव्हे. आपणांस त्यांची शिक्षकी आणि पायपीट पाहावयाची आहे. शाळेचे काम सांभाळून हे गृहस्थ आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर नागपूरच्या आसपास हिंडत असत. १८५१ साली टाकळीच्या परिसरात त्यांना काळ्या दगडांच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख सापडले. पुढे त्याच भागातून झाडांची फळे आणि बिया यांचे जीवाश्म मिळाले. कामठी आणि सिलेवाडा या बाजूंच्या वालुकाश्मात पानांचे ठसे मिळाले. १८५५ च्या सुमारास लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात या दोघांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि जगाच्या नकाशावर आपल्या टाकळीचे नाव चढले.

आज आपणांस ठाऊक आहे की, सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे तो लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. एक लोट आला, थंडावला. त्यावर पावसाचे पाणी साचून तळी झाली. तळ्यांत गोगलगायी नांदल्या, काठी झाडे वाढली. मग दुसरा लोट आला आणि त्याने ते सारे जतन करून ठेवले. म्हणजे अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा यांनी युक्त असे हे आपले तलावांचे नगर ज्या दगडावर उभे आहे, त्याच्या पोटातही तलावच आहेत! हा पाठ सांगावयास प्रयोगशाळा लागत नाही. सीताबर्डीचा एक काळा दगड आणि कामठीकडचा एक वालुकाश्माचा तुकडा मेजावर शेजारी शेजारी ठेवावा. एक अग्नीतून आला, एक नदीच्या वाळूतून. आणि दोघांची भेट आपल्या गावी झाली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप यांचा अंत झाला. पुढे १८८३ साली निघालेल्या महाविद्यालयास त्यांचे नाव दिले गेले. त्या महाविद्यालयाचे नाव नागपुरात कोणास ठाऊक नाही? परंतु ते नाव ज्या शिक्षकाचे, तो आपल्या गावचे दगड उचलून पाहत असे, हे किती जणांस ठाऊक आहे?

दुसरे उदाहरण शेजारच्या वर्ध्याचे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, महात्माजींनी आपली कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा शिक्षणक्रम तयार केला. त्यात म्हटले होते की, सारे विषय तीन केंद्रांभोवती गुंफावेत: हस्तोद्योग, सभोवारची सृष्टी आणि सभोवारचा समाज. हीच नयी तालीम. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात ती प्रत्यक्ष चालविली. कापसाचे एक बोंड घ्या. ते कोणत्या मातीत येते, त्यास पाऊस किती लागतो, त्यावर कोणती अळी पडते, सूत कसे निघते, ते सूत कोठे विकले जाते. एका बोंडातून सृष्टिविज्ञान, गणित, भूगोल आणि इतिहास असे सारे विषय निघतात. ती शाळा मध्यंतरी बंद पडली. परंतु २००५ साली आनंद निकेतन या नावाने सेवाग्रामात शाळा पुन्हा उभी राहिली, ही आनंदाची गोष्ट होय.

तिसरे उदाहरण भगिनींचे आहे. विवाहानंतर काही काळ आपल्या विदर्भात, अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी आपल्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी शाळा चालविल्या. मुले शाळेत येईनात, कारण त्यांना गुरे राखावयाची असत. तेव्हा या बाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचे नाव कुरणशाळा. विलायती शिक्षणसाधने परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, पाने, खडे, शिंपले हीच साधने झाली. मोजावयास बिया, रंग ओळखावयास पाने. गरिबीतून निघालेली ही युक्ती श्रीमंतांच्या शाळांनीही शिकावी अशी आहे.

आणि शेवटचे उदाहरण आपणांपैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले. मारुतराव चितमपल्ली यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला. परंतु वनखात्याच्या नोकरीतील त्यांची उमेदीची वर्षे नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा विदर्भाच्या रानांत गेली आणि निवृत्तीनंतर दीर्घकाळ ते नागपुरास राहिले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्रीने गौरविले गेले आणि त्याच वर्षी जून महिन्यात आपणांस सोडून गेले. ते शाळामास्तर नव्हते; पण महाराष्ट्रातील दोन पिढ्यांस त्यांनी रान वाचावयास शिकविले. त्यांचे गुरू कोण, हे पाहण्यासारखे आहे. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार, रानात राहणारे गोंड, मासे धरणारे ढिवर, पारधी, गुराखी. ज्यांच्या हाती पदवीचा कागद नव्हता अशांच्या पायाशी बसून त्यांनी पक्ष्यांची आणि झाडांची मराठी नावे गोळा केली आणि ती कोशात बसविली.

येथे आपल्या मंडळाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपल्या देशात प्रत्येक ज्ञातीजवळ तिच्या व्यवसायाबरोबर सृष्टीचे एकेक ज्ञानभांडार होते. भंडारा-गोंदियाकडील तलाव पाहा. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावचा बांध हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम. पाणी कोठून येते, कोठे अडवावे, सांडवा कोठे काढावा, हे त्यांनी कोणत्या महाविद्यालयात शिकले नव्हते. त्याच तलावांतील मासे आणि जलवनस्पती यांचे ज्ञान ढिवर समाजाजवळ राहिले. अलीकडील वर्षांत ढिवर बंधुभगिनींनी काही तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावून देशी मासे परत आणले आहेत. व्यवसायांच्या या वाटणीत उच्चनीचतेचा जो कलंक होता, तो पुसलाच पाहिजे. त्याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु कलंक पुसताना ज्ञानही पुसले जाऊ नये. आपल्या घरांत ज्या आजीबाई बसल्या आहेत त्यांना कोणते बी कोणत्या नक्षत्रावर पेरावयाचे, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर, मोहफूल कोणत्या पहाटे गळते, हे ठाऊक आहे. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि आजीला अडाणी समजतात. आजी गेली म्हणजे एक ग्रंथालय जाते, आणि त्याची आपण पावतीही ठेवलेली नसते.

एक अनुभव सांगतो. आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. आई भाजी विकावयाची. गणितात कच्चा, इंग्रजीत त्याहून कच्चा. एकदा पावसाळ्यात आम्ही वर्गात सहज विचारले की, न पेरता उगवणाऱ्या भाज्या कोणत्या? पुढच्या बाकांवर शांतता. मागून आवाज आला आणि तो थांबेचना: तरोटा, घोळ, चिवळ, काटवल, वास्ते, कुड्याची फुले. कोणती भाजी कोवळी असतानाच खावी, कोणती दोनदा उकळून पाणी टाकावे, कोणती रस्त्याकडेची घेऊ नये, हे सारे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने सहा भाज्या कागदात गुंडाळून आणल्या आणि तास त्यानेच घेतला. आम्ही मागच्या बाकावर बसलो. गणित त्याचे एका दिवसात सुधारले नाही. परंतु त्या दिवसापासून त्यास कोणी ‘भाजीवाला’ म्हणून चिडविले नाही, आणि तो शाळा सोडून गेला नाही. सृष्टीच्या शाळेत पहिला क्रमांक वेगळ्याच मुलाचा येतो, हे शिक्षकाने एकदा तरी पाहिले पाहिजे.

आता आमच्या शिक्षकबंधूंचा प्रश्न असा येईल: हे सर्व ठीक, पण वर्गात साठ मुले, तास चाळीस मिनिटांचा, सहलीस पैसा नाही, आम्ही करावे काय? त्यास आमचे उत्तर आहे की, सहल नकोच. शाळेच्या आवारातील चार गोष्टी पुरेत.

एक म्हणजे उंबर. आपण क्वचित भेटणाऱ्या माणसास उंबराचे फूल म्हणतो. हे फूल दिसत का नाही? एक कच्चे उंबर चाकूने उभे चिरून मुलांच्या हाती द्यावे. आतल्या भिंतीला बारीक बारीक फुले लागलेली दिसतील. जे फळ म्हणून आपण पाहतो ती फुलांची बंद खोली आहे. तिच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म दारातून चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरते, परागण करते आणि तेथेच अंडी घालते. ती माशी नसेल तर उंबरात बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर माशीस जगता येणार नाही. परस्परावलंबन हा जो मोठा शब्द पुस्तकात आहे, तो एका म्हणीतून आणि एका चाकूच्या कापातून मुलास कळतो.

दुसरा कडुलिंब. गुढीपाडव्यास आपण त्याची कोवळी पाने खातो. ती त्याच वेळी कोवळी का असतात? कारण माघ-फाल्गुनात तो जुनी पाने टाकून देतो आणि चैत्रात नव्याने फुटतो. एका वर्गाने एक कडुलिंब वर्षभर सांभाळावा. पान कधी गळले, मोहर कधी आला, निंबोळी कधी पिकली, ती कोणी खाल्ली, एवढे तारीखवार लिहावे. पाच वर्षांच्या पाच वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे ऋतू पुढेमागे सरकतात किंवा नाही, हे मुले स्वतःच्या पुराव्यावरून बोलू लागतील.

तिसरी गोष्ट सावली. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो: एकदा २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर. जुलैत ढग आड येतात. मे महिन्यात शाळा नसते, पण घर असते. त्या दिवशी मध्यान्ही बाराच्या पुढे काही मिनिटांनी, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. डोक्यास पांढरा रुमाल बांधून बापलेकांनी मिळून पाहावे असे हे कौतुक आहे. त्यास काठीवाचून दुसरे उपकरण लागत नाही.

चौथी गोष्ट पाऊस, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे. सरळ भिंतीचा एक डबा उघड्यावर ठेवावा आणि त्यात साचलेले पाणी पट्टीने मोजावे; हे झाले पर्जन्यमापक. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते, एवढे सूत्र मुलास द्यावे. मग त्याने आपल्या घराचे छप्पर मोजावे. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? दहा हजार लिटर. ते कोठे गेले?

ज्ञातिबंधू हो, या प्रश्नाचे उत्तर नागपूरकरांस २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मिळाले. त्या रात्री अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत आणि सीताबर्डीपर्यंत शिरले. हजारो घरांत चिखल भरला, दुकाने बुडाली, माणसे दगावली. तिची कारणे अनेक आहेत आणि त्यांचा निर्णय करणे हे तज्ज्ञांचे काम. आम्ही शिक्षकाच्या नात्याने एवढेच विचारतो की, त्या दिवसापूर्वी आपल्या मुलांपैकी किती जणांस नाग ही नदी आहे हे ठाऊक होते? आपण सारे तिला नाला म्हणत होतो. जिच्यावरून गावाचे नाव नागपूर असे सांगतात, ती पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांकडून निघते, गावातून वाहते, पूर्वेस पिवळी नदीस भेटून कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेस, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होऊन गोदावरीस, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. शाळेच्या कौलावर पडलेल्या थेंबाचा हा प्रवास जो शिक्षक मुलांच्या बोटाने नकाशावर काढून घेईल, त्याची मुले मोठी झाल्यावर नदीच्या पात्रात घर बांधण्यापूर्वी दोनदा विचार करतील. काहींच्या हाती तर नगराचा कारभारही येईल. पर्यावरणाचे शिक्षण म्हणजे फुलपाखरांचे कौतुक, असे समजणाऱ्यांनी त्या पहाटेचा चिखल आठवावा.

आता पालकांचा आक्षेप. ते म्हणतात, झाडे मोजून वैद्यकीची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होता येते काय? आक्षेप खोटा नाही. मध्यमवर्गीय घरातील आईबाप पोटास चिमटा घेऊन मुलांच्या शिकवणीची फी भरतात. त्यांच्या चिंतेची थट्टा आम्ही करणार नाही. एकदा मुलांना तासभर झाडाखाली नेले म्हणून एका वरिष्ठांनी आम्हांस लेखी समज दिली होती, तीही याच चिंतेपोटी. परंतु आम्ही पालकांस नम्रपणे विचारतो की, नीट पाहणे, पाहिले ते तारखेसह लिहिणे, आणि लिहिल्यावरून अनुमान काढणे, याहून विज्ञान म्हणून निराळे काय आहे? रोग्याची नाडी पाहणारा वैद्य दुसरे काय करतो? संत्र्याच्या बागाईतदारास विचारा. मृग बहार धरावयाचा तर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून ताण द्यावा लागतो; ताण कमी पडला तर फूल येत नाही, अधिक झाला तर झाड जाते. ते मोजमाप पुस्तकात असते, पण नेमका दिवस झाडाच्या पानाकडे पाहूनच ठरतो. पाहण्याची सवय ही परीक्षेच्या आड येत नाही. ती परीक्षेनंतर सगळ्या आयुष्यात उपयोगी पडते.

केवळ उपदेश करून आम्ही खाली बसणार नाही. मंडळापुढे तीन सूचना ठेवतो आणि त्यांवर कार्यकारिणीने विचार करावा अशी विनंती करतो.

पहिली सूचना. आज आपण गुणांच्या टक्क्यांवरून मुलांस पारितोषिके दिली. ते योग्यच झाले. पुढील वर्षापासून एक निरीक्षण-पारितोषिक असावे. ज्या विद्यार्थ्याने एक झाड, एक तलाव किंवा एक नाला वर्षभर पाहून त्याची वही ठेवली असेल, त्यास ते द्यावे. वही सुंदर असावी अशी अट नको. तारखा खऱ्या असाव्यात, आणि ज्या दिवशी काही दिसले नाही त्या दिवशी ‘काही दिसले नाही’ असे लिहिलेले असावे, एवढीच अट असावी. पारितोषिक मुलाबरोबर त्याच्या शिक्षकासही द्यावे, मग तो शिक्षक कोणत्याही ज्ञातीचा असो.

दुसरी सूचना थोडी अवघड आहे. यंदाच्या अहवालात आपल्या वसतिगृहाच्या सर्व आवारात गट्टू बसविण्याचा प्रस्ताव आहे. चिखल होतो, वाहने लावावयास अडचण पडते, हे खरे. देणगीदारांचा हेतूही चांगला आहे. तरी मघाचा हिशेब आठवावा. शंभर चौरस मीटर जागा झाकली की एका मोठ्या पावसाचे हजारो लिटर पाणी, जे जमिनीत मुरले असते, ते रस्त्यावर जाईल आणि रस्त्यावरून खालच्या वस्तीत. आवारात एक जुना कडुलिंब आणि एक उंबर आहे. त्यांच्या बुंध्यापर्यंत गट्टू आले तर त्यांच्या मुळांस श्वास राहणार नाही. येण्याजाण्याची वाट आणि वाहनांची जागा एवढ्यापुरते गट्टू बसवावेत. उरलेली माती मातीच राहू द्यावी. वसतिगृहातील मुलांस तीच प्रयोगशाळा होईल, आणि तिला वीजबिल येणार नाही.

तिसरी सूचना भगिनी मंडळासाठी. आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांकडून झाडे, पक्षी, पाऊस, धान्य, भाज्या यांची नावे, म्हणी आणि वापर लिहून घ्यावेत. लिहिण्याचे काम नातवंडांनी करावे. आजीने सांगावे आणि नातीने लिहावे. निवडक मजकुरास पुढील वर्षीच्या स्मरणिकेत चार पाने द्यावीत. जाहिराती चार पाने कमी झाल्या तर मंडळाचे काही अडणार नाही. या चार पानांची किंमत मात्र दहा वर्षांनी कोणत्याही जाहिरातीने भरून निघणार नाही.

विद्यार्थिमित्र हो, तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील. हल्ली हुशार मुले शिक्षक होत नाहीत असे म्हणतात. तुम्ही ते खोटे ठरवावे. तुम्ही शिक्षक झालात तर वर्गात जाण्यापूर्वी दहा मिनिटे लवकर शाळेत जा आणि आवारात एक फेरी मारा. जे नवे दिसेल ते पहिल्या तासाला मुलांस सांगा. काही नवे दिसले नाही तर मुलांस विचारा, त्यांना नक्की काही दिसलेले असते. असे वर्षभर केलेत तर तुम्हांस पुस्तकाचा कंटाळा येणार नाही आणि मुलांस तुमचा कंटाळा येणार नाही.

 गट्टूंच्या प्रस्तावावर दुपारच्या सभेत मतदान आहे. सभेस जाताना प्रत्येकाने एकदा त्या उंबराखाली उभे राहून वर पाहावे आणि मग हात वर करावा, एवढीच विनंती करून अध्यक्षांच्या अनुज्ञेने आम्ही आपली रजा घेतो.